निरपराध गोडवा

भाऊबीजेला अक्काकडे जायचे ते बेसनाचे लाडू घेऊनच, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता. एका वर्षी मात्र तिने डबा उघडला आणि लगेच झाकण लावून दूर सारला. "नको रे, वाससुद्धा नको," एवढेच म्हणाली. मी मनातून दुखावलो. मोठ्या आजारातून ती नुकतीच उठली होती. आजारपणाने माणूस हेकट होतो, असा निवाडाही मी करून टाकला.

पुढे एक जुना प्रयोग वाचनात आला. १९५५ साली जॉन गार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, सॅन फ्रान्सिस्को येथील अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत, उंदरांना सॅकरिनचे गोड पाणी प्यायला दिले आणि त्याच वेळी त्यांच्यावर गॅमा किरण सोडले. हे किरण दिसत नाहीत, त्यांचा चटका बसत नाही. पण नंतर साधे आणि गोड पाणी शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा जातीचा गोडखाऊ असलेला हा प्राणी गोड पाणी टाळू लागला. मेंदूच्या देठाशी रक्तातल्या रसायनांची चाहूल घेणारा एक इवलासा भाग असतो. तो निकामी केला, तर किरणांमुळे अशी शिसारी जडत नाही, असे पुढे आढळले. म्हणजे शरीर बिघडवले किरणांनी, आणि मेंदूने गुन्हेगार ठरवले जिभेवरच्या चवीला!

वाचता वाचता मी थबकलो. अक्काला पोटावर किरणांचा शेक द्यायला मीच घेऊन जात असे. आणि उपाशीपोटी नको म्हणून वाटेत आग्रहाने लाडूही मीच भरवत असे.

उंदराला दोष कसा द्यावा? ज्या चवीमागून मळमळले ती टाळणे, यातच रानात त्याचा जीव वाचतो. अक्काचेही तेच. लाडू निरपराध आहे हे तिला कळते. पण पोटाला कोण समजावणार? प्रश्न उरतो तो माझा. मीही न दिसणारे कारण सोडून समोरच्या माणसालाच दोषी ठरवले. उंदराला चौकशीची सोय नव्हती, मला होती. "का ग नको, अक्का?" एवढेच विचारायचे होते.

पुढच्या भाऊबीजेला मी चिवडा नेला. अक्काने मूठभर तोंडात टाकला आणि म्हणाली, "तिखट अंमळ कमीच पडलंय हो!"

तेवढ्याने माझी दिवाळी झाली.