बॉयकॉट कोणावर?

इंग्रजीतलं 'बॉयकॉट' हे क्रियापद मुळात एका माणसाचं आडनाव. चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. १८७९ साली पिकं बुडाली. पुढच्या वर्षी कुळांनी खंडात पंचवीस टक्के सूट मागितली. मालक दहाच्या पुढे सरकेना. सप्टेंबर १८८० मध्ये बेदखलीच्या नोटिसा निघाल्या. त्या बजावायला आलेल्या माणसाला गावातल्या बायकांनी चिखल-शेण फेकून पिटाळलं. मग गडीमाणसं काम सोडून गेली, लोहार येईना, कपडे धुणारी येईना, दुकानदार माल देईना. त्याच महिन्यात एनिसच्या सभेत आयरिश पुढारी पार्नेलने हाच मार्ग सांगितला होता: बेदखल कुळाची जमीन जो घेईल त्याच्याशी सगळे व्यवहार तोडा.

बॉयकॉटचं उभं पीक काढायला अखेर उत्तरेकडून पन्नास स्वयंसेवक आले आणि त्यांच्या रक्षणाला हजाराच्या आसपास शिपाई. सुमारे पाचशे पौंडांच्या पिकापायी दहा हजार पौंड खर्ची पडल्याचा अंदाज आहे. १ डिसेंबरला बॉयकॉटने आयर्लंड सोडलं. तोवर त्याचं नाव क्रियापद होऊन वर्तमानपत्रांत छापलंही जात होतं. 'ऑस्ट्रसाइझ' (वाळीत टाकणं) हा शब्द कुळांना जड जाईल, म्हणून जॉन ओ'मॅली या गावच्या पाद्र्याने ते सुचवलं. फ्रेंच, जर्मन, रशियन भाषांनीही ते लगेच उचललं.

शब्द नवा होता, कृती जुनी. टिळकांच्या चतुःसूत्रीतला बहिष्कार मेयोच्याच जातीचा: सत्ता नसलेल्यांनी सत्तेविरुद्ध उगारलेला. पण वाळीत टाकण्याची आपली परंपरा उलट्या दिशेची. अस्पृश्याने पाणवठ्यावर हक्क सांगितला, मेलेली ढोरं ओढायचं नाकारलं, की त्याची मजुरी बंद, वाण्याकडचं मीठ-मिरची बंद, वाट बंद. मुंबई इलाख्यातल्या स्टार्ट समितीने १९३० च्या अहवालात याची नोंद केली, डॉ. आंबेडकर त्या समितीचे सदस्य होते. सामाजिक बहिष्कार हा शिक्षापात्र गुन्हा ठरवा, अशी मागणी त्यांनी गोलमेज परिषदेत केली. मला ही मागणी फार मोलाची वाटते. बॉयकॉटच्या दाराशी फौज उभी राहिली. वाळीत पडलेल्या मजुराच्या दाराशी निदान कायदा तरी उभा राहावा, एवढंच त्यांचं मागणं होतं. कोण कोणाशी व्यवहार तोडतो, हे पाहिल्याशिवाय बहिष्काराला बरं किंवा वाईट म्हणताच येत नाही.

महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ साली झाला आणि ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. तरी गावकीचे आणि जातपंचायतींचे हुकूम सुटतच असतात. आंतरजातीय लग्न केलं म्हणून, पंचांविरुद्ध कोर्टात गेलं म्हणून कुटुंबं वाळीत पडतात. पीडित माणूस किंवा त्याच्या घरातलं कोणीही पोलिसांकडे, नाहीतर थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करू शकतं. तुमच्या गावात असं घर असेल, तर त्यांना हे सांगा आणि तक्रार द्यायला त्यांच्याबरोबर जा.