परतीचे तिकीट

सेवेसाठी परदेशी गेलेल्या स्वयंसेवकाची पत्रे कोणाला आवडत नाहीत? नदीला अचानक पूर आला आणि मोटार पात्रातच बंद पडली. खेचरावरून डोंगर उतरताना तोल गेला. रात्री छपरातून अंथरुणावर विंचू पडला. पुढच्याच परिच्छेदात गावच्या लग्नातील नाच, मक्याची भाकरी थापण्याची खटपट, चुकीच्या उच्चारांना खुदखुदून हसणारी मुले. अशी पत्रे धर्मग्रामात हातोहात फिरतात, मेळाव्यांत वाचली जातात, मिशनसाठी चार पैसे जमतात. एखाद्या तरुण मनात आपणही असेच कोठे तरी जावे, अशी ऊर्मी उठते. यात वाईट असे काही नाही. ख्रिस्तसभा मुळात पाठविलेल्या माणसांवरच उभी राहिली आहे.

तरीही ही पत्रे वाचताना एक प्रश्न आम्हांला सतावीत राहतो. ज्याच्या पत्रात पूर येतो त्याच्यासाठी ते साहस असते. ज्याच्या शेतात येतो त्याच्यासाठी ते काय असते? त्या छपरातून विंचू दर पावसाळ्यात पडतो आणि त्या घरची गृहिणी तो वहाणेने मारून पुन्हा झोपी जाते. तिला त्याविषयी कोणाला पत्र लिहावेसे वाटत नाही. पूर तोच, विंचूही तोच. परंतु ज्याच्या खिशात परतीचे तिकीट आहे त्याच्या वाट्याला साहस येते आणि ज्याला दुसरीकडे कोठे जावयाचेच नाही त्याच्या वाट्याला केवळ संकट. मग परतीचे तिकीट बाळगणाऱ्या माणसाला दुसऱ्यांच्या दैनंदिन जीवनात खरोखर सहभागी होता येते काय? की तो त्यांचे दारिद्र्य, त्यांचा पाहुणचार, त्यांची गाणी आपल्या आठवणींच्या पेटीत भरून परत येतो आणि त्यालाच सेवा म्हणतो?

हा प्रश्न आमच्या आधी एका कॅथलिक धर्मगुरूने, आमच्यापेक्षा कितीतरी कठोर शब्दांत विचारला होता. त्याची पार्श्वभूमी थोडक्यात सांगावयास हवी. १९६० च्या सुमारास लॅटिन अमेरिकेतील ख्रिस्तसभेला मनुष्यबळ पुरविण्याची मोठी मोहीम सुरू झाली. त्या वर्षी प्रापंचिकांसाठी पोपच्या नावाने स्वयंसेवकांची योजना आखण्यात आली. १९६१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठात मोन्सिन्योर कासारोली यांनी पोप जॉन तेविसावे यांच्या वतीने तेथील व्रतस्थांच्या संघांना आवाहन केले, की येत्या दहा वर्षांत आपल्या सभासदांपैकी एक दशांश लॅटिन अमेरिकेसाठी द्यावेत. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी पीस कॉर्प्सची स्थापना केली. सद्हेतूंचे जणू पेवच फुटले होते.

१९२६ साली व्हिएन्नात जन्मलेले आणि न्यू यॉर्कमधील पोर्तो रिकोच्या स्थलांतरितांत काम केलेले फादर इव्हान इलिच यांचे केंद्र मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे होते. तेथे येणाऱ्या मिशनऱ्यांना ते स्पॅनिश भाषा शिकवीत आणि शिकविता शिकविता त्यांच्या उत्साहातील हवा काढून घेत. १९६८ च्या एप्रिलमध्ये उन्हाळी सुटीत मेक्सिकोतील खेड्यांत सेवेसाठी निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांसमोर त्यांनी जे भाषण केले, ते आजही वाचणाऱ्याला बोचते. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: तुमचा हेतू चांगला आहे, पण त्याने काही सिद्ध होत नाही. तुम्हांला येथली भाषा येत नाही, त्यामुळे येथील माणसे तुमच्याविषयी काय बोलतात हे तुम्हांला कधीच कळणार नाही. नकळत तुम्ही आपल्या सुखवस्तू राहणीची जाहिरात करीत फिरता. सेवाच करावयाची असेल तर ती आपल्या देशातील गरिबांत करा. नको असलात तर ते निदान तोंडावर तसे सांगतील आणि तुम्हांला ते समजेल. येथे यावयाचे तर पाहावयास या, आमचे डोंगर चढा, फुले पाहा, शिका. मदत करावयास मात्र येऊ नका.

साहसी प्रवासाला परवानगी आणि सेवेला बंदी! हे ऐकून त्या विद्यार्थ्यांना काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. तथापि इलिच यांच्या बोलण्यातील गाभा आम्हांला नाकारता येत नाही. ज्याला नकार देता येत नाही अशा माणसाची सेवा ही फार जपून करावयाची गोष्ट आहे. भुकेला माणूस देणाऱ्याचा हात झिडकारीत नाही आणि पाहुण्याला ‘आता निघा’ असे कोणतेही गाव सांगत नाही. आपल्याकडेच पाहा ना. तिसऱ्या दिवशीही मुक्काम न हलविणाऱ्या पाहुण्याच्या अकलेविषयी आपल्या म्हणीत काय म्हटले आहे ते सर्वांना ठाऊक आहे. परंतु ती म्हण त्या पाहुण्याला कोणी ऐकविली आहे काय? ती स्वयंपाकघरातच बोलली जाते. परदेशी स्वयंसेवकाला ओटीवरचे हसू दिसते, स्वयंपाकघरातील बोलणे ऐकू येत नाही.

नंतरच्या काळाने इलिच यांच्या शंकेला अधिक दुःखद पुरावा पुरविला. कंबोडियात पर्यटकांचा ओघ वाढला तशी अनाथालयांची संख्याही वाढली. युनिसेफच्या सहकार्याने झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले, की त्यांतील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात होते. चार आठवडे येऊन मुलांना कुशीत घेणाऱ्यांची प्रेमळ गर्दी होती, म्हणून कुशीत घ्यावयास मुले लागत होती. येथे कोणाचाही हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही, आणि म्हणूनच ही गोष्ट अधिक भयंकर आहे.

म्हणजे मग प्रत्येकाने आपापल्या घरीच राहावे काय? इलिच यांचा युक्तिवाद शेवटपर्यंत ताणला तर उत्तर तेच येईल, आणि ते आम्हांला मान्य नाही. इलिच स्वतःही मेक्सिकोत परकेच होते. शिवाय शुभवर्तमानातील ज्या प्रवाशाला आपण शेजारधर्माचा आदर्श मानतो तो शोमरोनीही परका होता, वाटेवरचा होता आणि एका रात्रीहून अधिक थांबला नाही. दुसऱ्या दिवशी सराईवाल्याच्या हातावर दोन दीनार ठेवून तो आपल्या कामाला निघून गेला. परतीचे तिकीट त्याच्याही खिशात होते, असे म्हणावयास हरकत नाही. तेव्हा मुक्काम लहान असणे हा दोष नव्हे. फरक इतकाच, की त्याने करावयाचे काम जखमेने ठरविले, त्याच्या आवडीने नव्हे. तो जखमी माणूस शोधण्यासाठी यरीहोच्या रस्त्याला गेला नव्हता.

संत लूकने नोंदविलेली दुसरी एक गोष्टही येथे आठवते. बहात्तर जणांना पाठविताना प्रभूने त्यांना थैली बरोबर घेऊ दिली नाही; जे वाढले जाईल ते खा आणि घरे बदलीत फिरू नका, असे बजावले. मिशनकार्याच्या प्रवचनांत हा उतारा आपण वारंवार ऐकतो, पण त्याचा रोख किती उलटा आहे याकडे आपले लक्ष जात नाही. पाठविलेला माणूस येथे दाता नाही. तो जेवणासाठी गावावर अवलंबून आहे. आधी त्याने घ्यावयाचे आहे. घरे बदलावयाची नाहीत म्हणजे रोज नवा अनुभव नाही, त्याच चुलीसमोर तेच जेवण. साहसाची हौस बाळगणाऱ्याला याहून मोठे पथ्य कोणते?

आपण मराठी ख्रिस्ती लोकांना या प्रश्नाची दुसरी बाजूही ठाऊक असावयास हवी, कारण एकेकाळी परदेशी माणूस ज्यांच्याकडे आला ते लोक आपणच होतो. इंग्लंडमधील तरुण येशूसंघीय थॉमस स्टीफन्स १५७९ च्या ४ एप्रिलला लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. नोव्हेंबरमध्ये त्यांनी आपल्या पित्याला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. इंग्लंडमध्ये ते पुढे हॅक्लुइट यांच्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापले गेले. गिनीच्या किनाऱ्याजवळील निर्वात समुद्र, उडणारे मासे, शार्क, आशेच्या भूशिराजवळील वादळे, हिरड्या सुजविणारा खलाशांचा रोग, सारे त्यात आहे. स्वयंसेवकाचे साहसपत्र म्हणून त्याला तोड नाही. आणि गोव्याची माणसे? ती शेवटी शेवटी येतात, रंगावरून आणि कपड्यांवरून वर्णिलेली, थोडक्या ओळींत. नुकत्याच उतरलेल्या माणसाला याहून अधिक दिसणे शक्यही नव्हते. त्याबद्दल त्यांना बोल लावण्याचे कारण नाही.

पण ते राहिले. साष्टीच्या खेड्यांत चाळीस वर्षे राहिले. मराठी व कोकणी शिकले, कोकणीचे व्याकरण लिहिले. १६१६ साली त्यांचे ख्रिस्तपुराण रायतूर येथे छापून झाले. त्या ग्रंथाच्या जन्माची हकिगत ग्रंथातच आली आहे आणि आम्हांला ती फार मोलाची वाटते. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणे हिरावली गेली होती. त्यांच्यातील एकाने धर्मशिक्षणाच्या वेळी विचारले, की मग आम्हांला दुसरे पुराण का देत नाही? म्हणजे मागणी गावाची होती. भाषा गावाची, ओवी गावाची. त्या पुराणांवर बंदी आणणारी सत्ता पोर्तुगीजांची होती आणि तिच्याच छत्राखाली स्टीफन्स काम करीत होते, हे विसरून चालणार नाही. प्रेमाने लिहिलेल्या ग्रंथावरही ती सावली आहे. परंतु १५७९ च्या पत्रातील थोडक्या ओळींपासून १६१६ च्या सुमारे अकरा हजार ओव्यांपर्यंतचे अंतर सदतीस वर्षांचे आहे, आणि त्या काळातील कोणत्याही वादळाची हकिगत त्यांनी पित्याला लिहिली असती तरी खरा प्रवास त्या पत्रात मावला नसता.

कोणी म्हणेल, स्टीफन्स यांना परत जाणे सोपे कोठे होते? इंग्लंडमध्ये येशूसंघीयाला फाशीचे भय होते. एडमंड कॅम्पियन यांना १५८१ साली तेथे देहान्त शासन झाले. हे खरे. आजच्या स्वयंसेवकाची कसोटी निराळी आहे. त्याला विमान आहे, आईवडील बोलावीत आहेत, नोकरी वाट पाहते आहे. त्याला राहण्याचा निर्णय एकदा घेऊन भागत नाही, तो रोज सकाळी घ्यावा लागतो.

जीन डोनोव्हन ही अशी एक मुलगी होती. अमेरिकेतील सुखवस्तू घर, क्लीव्हलँड येथे एका नामांकित हिशेब तपासनीस कंपनीत चांगली नोकरी, मोटारसायकलवरून भटकण्याची आवड. शिक्षणासाठी आयर्लंडमधील कॉर्कला असताना पेरू देशात मिशनकार्य केलेल्या एका धर्मगुरूशी तिचा परिचय झाला होता. १९७९ साली क्लीव्हलँड धर्मप्रांताच्या पथकातून ती प्रापंचिक मिशनरी म्हणून एल साल्वादोरमधील ला लिबर्ताद येथे गेली. साहसाची हौस तिला नव्हती असे कोण म्हणेल? आम्हांला ती हौस लपवावीशीही वाटत नाही. तेथे तिच्या वाट्याला आले ते मात्र कारितासच्या अन्नवाटपाचे काम आणि त्याचे हिशेब. जी आकडेमोड सोडून ती निघाली होती तीच आकडेमोड पुन्हा तिच्यासमोर येऊन बसली. रविवारी आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांचे प्रवचन ऐकण्यास ती जाई आणि त्यांच्यासाठी घरी भाजलेली बिस्किटे नेई, असे सांगतात.

मग दिवस बदलले. २४ मार्च १९८० रोजी मिस्सा अर्पण करीत असताना रोमेरो यांची हत्या झाली. निर्वासितांना सुरक्षित जागी पोहोचविणे, रस्त्याकडेला टाकलेली प्रेते पुरणे हे नित्याचे काम झाले. त्याच वर्षी पीस कॉर्प्सने आपले स्वयंसेवक तेथून काढून घेतले. जीनने एका पत्रात प्रांजळपणे लिहिले, की देश सोडण्याचा विचार आपल्या मनात अनेकदा आला. मुलांकडे पाहून पाय निघत नाही. या पत्रात थरार नाही, भय आहे. आणि भय ही त्या गावाची रोजची भाषा होती. ती भाषा मात्र ती पुरती शिकली होती, असे आम्हांला वाटते.

२ डिसेंबर १९८० च्या संध्याकाळी जीन आणि उर्सुलाईन धर्मभगिनी डोरोथी काझेल विमानतळावर गेल्या. देश सोडण्यासाठी नव्हे. निकाराग्वाहून परतणाऱ्या मेरीनॉल संघाच्या सिस्टर ईटा फोर्ड आणि सिस्टर मॉरा क्लार्क यांना आणावयाचे होते. वाटेत नॅशनल गार्डच्या जवानांनी त्यांची व्हॅन अडविली, चौघींवर अत्याचार करून त्यांना ठार मारले. जीन सत्तावीस वर्षांची होती. ईटा आणि मॉरा यांना, त्यांच्या संघाच्या रीतीप्रमाणे, जेथे सेवा केली त्या चालातेनांगोच्या मातीतच पुरण्यात आले. जीनचा देह अमेरिकेस परत नेला.

येथेही इलिच आमचा पिच्छा सोडीत नाहीत. चार अमेरिकन स्त्रिया मारल्या गेल्या तेव्हा वॉशिंग्टनने काही आठवडे का होईना मदत थांबविली आणि जगातील वर्तमानपत्रांनी एल साल्वादोरचे नाव छापले. १९८४ साली पाच जवानांना शिक्षाही झाली. त्याच रस्त्यांवर रोज मारले जाणारे धर्मशिक्षक, शेतमजूर, त्यांच्या बायका यांच्यासाठी असे काही घडले नव्हते. परतीचे तिकीट मरणानंतरही आपली किंमत दाखवीत होते. जीनला हे कळले असते तर ते तिला रुचले नसते, इतके तिच्या पत्रांवरून नक्की म्हणता येते.

ते युद्ध १९९२ पर्यंत चालले आणि त्यात सुमारे पंच्याहत्तर हजार माणसे गेली. सान साल्वादोरच्या कुस्कात्लान उद्यानात २००३ साली एक लांबलचक काळी भिंत उभारण्यात आली. युद्धात मारल्या गेलेल्या व नाहीशा झालेल्या नागरिकांची पंचवीस हजारांहून अधिक नावे तीवर कोरली आहेत. रोमेरो यांचे नावही तेथे इतरांच्या ओळीत आहे, वेगळ्या अक्षरांत नाही. त्या भिंतीवरील बहुतेकांनी आपल्या दिवसांविषयी कोणालाच पत्र लिहिले नव्हते. त्यांचे घर तेथेच होते.