कुत्रे कोणाचे?

दसऱ्याच्या सुमारास दिंडोरी व निफाड या तालुक्यांत द्राक्षबागांच्या छाटणीस आरंभ झाला म्हणजे पेठ आणि सुरगाण्याच्या डोंगरांतून मजुरांच्या टोळ्या खाली उतरतात. अंधार पुरता सरला नाही तोच ही माणसे मळ्याची वाट चालू लागतात. त्या वाटेवर त्यांची पहिली गाठ पडते ती मालकाशी नव्हे, तर मालकाच्या कुत्र्याशी. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ बंधुभगिनी अशाच मजुरीवर पोट भरतात आणि काहींच्या स्वतःच्या वस्त्याही मळ्यांत आहेत. म्हणजे चावा घेतला जाणारे आणि कुत्रे पाळणारे असे दोन्ही प्रकारचे वाचक आम्हांस आहेत. हे ध्यानात ठेवूनच आम्ही पुढील विचार मांडीत आहो.

मळ्यात राहणाऱ्यास कुत्र्यावाचून गत्यंतर नाही हे आम्ही जाणतो. उसाच्या फडात बिबट्या दबा धरून बसतो, गोठ्यात शेळ्या व वासरे असतात, विहिरीवर मोटार असते आणि हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर शेजार नसतो. तेव्हा कुत्रे पाळण्यास दोष देण्याचा आमचा मुळीच विचार नाही. प्रश्न निराळा आहे. तेच कुत्रे परक्याच्या मुलाच्या पोटरीचा लचका तोडते, तेव्हा ते कोणाचे?

या प्रश्नाचे उत्तर आम्ही अनेक गावी एकच ऐकले आहे. “ते आमचे नव्हे. असेच दारी येते. आम्ही कोरभर भाकर टाकतो, इतकेच.” आणि त्याच कुत्र्याने रात्री चोर हुसकून लावला असता सकाळी पारावर बोलणे असे होते की, “आमच्या कुत्र्याने धरला!” एकाच प्राण्यावर रात्री आपला हक्क आणि दिवसा तो बेवारशी, ही रीत सोयीची खरी, पण ती प्रामाणिकपणाची नव्हे.

कायद्याने या पळवाटेचा विचार फार पूर्वीच केला आहे. 1860 सालच्या भारतीय दंडसंहितेत 289 वे कलम होते. 1 जुलै 1924 नव्हे, तर अगदी अलीकडे, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली, तीत तेच 291 वे कलम झाले. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवास अथवा जबर दुखापतीचा जो धोका संभवतो, तो टळावा म्हणून पुरेशी व्यवस्था जो जाणूनबुजून किंवा हयगयीने करीत नाही, त्यास सहा महिनेपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पूर्वी दंडाची मर्यादा एक हजार होती. येथे ‘मालकी’ हा शब्द नाही, ‘ताबा’ आहे, याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. पावती कोणाच्या नावाची, पिल्लू कोणी आणले, हे कायदा प्रथम विचारीत नाही. ते कोणाच्या हाताखाली वागते, हे तो पाहतो. मुंबई पोलीस कायदा 1951 सालचा. आता तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. त्यातही क्रूर कुत्रे मुसक्यावाचून रस्त्यावर मोकळे सोडण्यास आणि कोणाच्या अंगावर कुत्रे घालण्यास मनाई आहे. बैल पिकात तोंड घालील म्हणून आपण त्यास मुसके बांधतो. पीक वाचविण्यास जी खटपट आपण करतो, ती शेजाऱ्याचे मूल वाचविण्यास जड का वाटावी?

हा विचार इंग्रजांनी येथे प्रथम आणला असे कोणी समजू नये. बगदादजवळ 1945 व 1947 साली मातीच्या काही विटा सापडल्या, त्यांवर एश्नुन्ना नावाच्या नगराचे कायदे कोरलेले आहेत. ते साडेतीन हजार वर्षांहूनही जुने आहेत. त्यांत एक नियम असा आहे की, कुत्रे पिसाळले आहे असे पेठेच्या अधिकाऱ्यांनी धन्यास कळविले असता त्याने ते कोंडून ठेविले नाही, आणि त्याच्या चाव्याने माणूस दगावला, तर धन्याने चाळीस शेकेल चांदी भरावी. हम्मुराबीच्या कायद्यात मारक्या बैलाविषयी असेच आहे, आणि निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मोशेचे नियमशास्त्रही तेच सांगते: बैल पूर्वीपासून मारका होता व धन्यास तशी सूचना दिली होती, तरी त्याने त्यास बांधले नाही, तर दोष धन्यावर येतो. तिन्ही ठिकाणी सारा न्याय एका गोष्टीवर टेकला आहे. धन्यास ठाऊक होते काय?

यावर कोणी म्हणेल, “आमचे कुत्रे पूर्वी कधी चावले नव्हते, मग आम्हांस ठाऊक कसे असणार?” ही सबब प्राचीन कायद्यासही काही अंशी मान्य होती, आणि ज्याचे शांत जनावर एकाएकी बिथरले त्याची आम्हांस खरोखर दया येते. परंतु जो मनुष्य कुत्रे तिखट आहे म्हणूनच ते ठेवितो, ज्याने पाच पिल्लांतून अंगावर येणारे तेवढे निवडून घेतले, तो “मला ठाऊक नव्हते” असे कोणत्या तोंडाने म्हणणार? ज्या गुणासाठी तो त्यास पोसतो, तोच गुण दुसऱ्यास बाधला आहे. कुत्र्यास बरेवाईट कळत नाही. त्याच्या वाटचे कळणे धन्याने करावयाचे असते.

मार्च 1924 च्या नव्हे, 2024 च्या मार्चात केंद्र सरकारने तेवीस जातींच्या कुत्र्यांवर बंदी घालण्याविषयी राज्यांस लिहिले होते; कर्नाटकाच्या उच्च न्यायालयाने ते पत्र पुढच्याच महिन्यात रद्द ठरविले. आपल्या मळ्यांतील गावठी कुत्रे अशा यादीत येतच नाही, आणि चावण्याच्या कामी ते कोणास हार जात नाही. बेवारशी कुत्र्यांचा प्रश्न तर स्वतंत्र लेखाचा आहे. 1832 साली मुंबईत सरकारने कुत्री मारविण्यास आरंभ केला, तेव्हा पारशी लोकांनी दंगा केला होता. आणि 2025 च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयास दिल्लीच्या कुत्र्यांविषयी दिलेला आपलाच हुकूम अकरा दिवसांत बदलावा लागला. येथे आम्ही केवळ त्या कुत्र्याविषयी बोलत आहो, ज्याचा धनी आहे.

आता आमचीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या दारी एक काळे कुत्रे होते. सायकलवाल्यांच्या मागे ते दोनदा धावलेले आम्ही पाहिले होते व हसून सोडून दिले होते. एके सकाळी दूध घालणाऱ्या मुलास ते चावले. आमच्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते हे की, “त्याने डिवचले असेल.” मुलाची आई धावत आली. ती भांडली नाही. तिने इतकेच विचारले, “कुत्र्याला सुई टोचलीय का?” टोचली नव्हती. आम्ही म्हणालो, “बहुधा टोचली असावी.”

त्या एका ‘बहुधा’वर विश्वास ठेवून तिने जखमेस हळद लाविली व ती कामावर गेली. वस्तुतः चावा बसताच जखम साबणाने व वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावयाची असते, आणि कुत्र्यास लस टोचलेली असो वा नसो, त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावयाचा असतो. पिसाळरोगाची लक्षणे एकदा दिसू लागली म्हणजे रोगी वाचत नाही असेच म्हणावे लागते. हे सर्व आम्हांस ठाऊक होते, तिला नव्हते. कुत्रे मोकळे सोडले ही आमची हयगय होती. पण ठाऊक असून बोललो नाही, यास हयगय म्हणता येत नाही. धनी लाजेने कुत्रे लपवितो किंवा रातोरात मारून पुरतो, तेव्हाही हेच घडते. दहा दिवस कुत्रे बांधून त्यावर नजर ठेविली असता जे कळले असते, ते तो चावलेल्या माणसापासून हिरावून घेतो.

संध्याकाळी आम्ही तिच्या झोपडीवर जाऊन खरे ते सांगितले. दुसऱ्या सकाळच्या पहिल्या मोटारीने मुलास घेऊन दवाखान्यात गेलो, आणि पुढच्या प्रत्येक सुईसही आम्हीच त्यास नेले. तिची बुडालेली मजुरीही भरून दिली. कुत्रे दहा दिवस बांधून ठेविले. ते धडधाकट राहिले, मुलासही काही झाले नाही. आम्ही सांगितले त्या संध्याकाळी ती चुलीपुढे बसली होती. पुष्कळ वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “दादा, हे सकाळीच सांगायचं होतं.”

तो मुलगा अजून दूध घालतो. आमच्या दारी मात्र तो मागल्या बोळाने येतो, आणि अंगणाच्या कडेशी उभा राहून आधी हाक मारतो.