दोघांचे घर, दोघांची रुची

भिंतीस कोणता रंग द्यावा हा प्रश्न नीतिशास्त्राच्या कक्षेत येतो असे म्हटल्यास कित्येक वाचक हसतील. परंतु ज्यांनी दोघांनी मिळून बिऱ्हाड थाटले आहे, त्यांस या हसण्यात सामील होणे थोडे जड जाईल. पडदा, तसबीर, एखादी आरामखुर्ची यांवरून निघालेला वाद थोड्याच वेळात ‘या घरात माझे असे काय?’ या प्रश्नावर येऊन ठेपतो, आणि तेथे रंगाऱ्याचा काही उपयोग होत नाही.

रघुवंशाच्या सहाव्या सर्गात इंदुमती अंगदेशाच्या राजास सोडून पुढे जाते, तेव्हा कालिदास राजात उणे काढीत नाही आणि राजकन्येच्या पारखीलाही दोष देत नाही. लोकांच्या आवडी निरनिराळ्या असतात, एवढेच सांगून तो मोकळा होतो. परंतु इंदुमतीस पुढे जाण्याची सोय होती. स्वयंवराच्या मंडपात जी अडचण एका पावलाने सुटते, ती दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात सुटत नाही. वात्स्यायनाने वर्णिलेल्या नागरकाचे घर दुभागी आहे. बाहेरच्या दालनात खुंटीवर वीणा, चित्रफलक, कुंचल्यांची पेटी, एखादे पुस्तक, फुलांच्या माळा असा त्याचा थाट. आणि सबंध घराची स्वच्छता, फुलांची मांडणी, गुळगुळीत जमीन ही सारी गृहिणीची चिंता. व्यवस्था सुखाची खरी. परंतु तीत आवड एकाच्या वाट्यास आली आहे आणि काम दुसरीच्या, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. शिवाय आज बाहेरचे दालन उरले आहे किती जणांपाशी?

पाश्चात्त्य तत्त्वज्ञांपैकी कांटने 1790 साली एक मार्मिक भेद केला. जे केवळ सुखद वाटते ते ज्याचे त्याच्यापुरते असते, त्याबद्दल कोणी भांडत नाही. परंतु एखाद्या वस्तूस ‘सुंदर’ म्हणताना आपण इतरांनीही मान डोलवावी अशी मागणी करीत असतो. चहात साखर किती हवी यावरून संसारात तंटा होत नाही. दोन पेले निरनिराळे करता येतात. भिंत मात्र एकच असते, आणि तिजवरील चित्राबद्दल प्रत्येकाची समजूत अशी की, आपण आवड सांगत नसून निर्णय देत आहो. (कांट आजन्म अविवाहित राहिला, म्हणून आपल्या सिद्धांताची ही घरगुती बाजू तपासण्याचा प्रसंग त्याजवर आला नाही.)

आमच्या परिचयातील एका दांपत्याची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. गृहस्थांस उघड्या, पांढऱ्या भिंती आवडत. बाईंनी माहेराहून आईच्या हातचा भरतकामाचा एक मोर आणला होता. काचेच्या चौकटीत बसविलेला, वीतभर रुंद. गृहस्थ म्हणत, “माझा आग्रह कसलाच नाही. मला भिंतीवर काही नको, एवढेच.” यावर बाईंनी दिलेले उत्तर आम्ही विसरलो नाही. त्या म्हणाल्या, “तुमचे ‘काही नको’ घरभर पसरले आहे, आणि माझ्या एका मोराला कोपरा नाही.”

हे उत्तर केवळ चतुर नाही. ज्याला वस्तू आवडतात त्याला कोपरा पुरतो; ज्याला रितेपण आवडते त्याला सबंध खोली लागते, कारण एका मोराने रितेपण भंगते. अर्थात अर्धे तुझे, अर्धे माझे ही वाटणी दिसावयास समान असली तरी दोघांस समान पडत नाही, आणि रितेपणाच्या भोक्त्याची ही अडचण खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. त्याचा दोष निराळा आहे. तो आपल्या आवडीस आवड म्हणून पुढे आणीतच नाही. तिला स्वच्छता, साधेपणा, सुसंस्कृतपणा अशी नावे देतो, आणि मग दुसऱ्याची आवड तेवढी हट्ट ठरते.

सुसंस्कृतपणाची ही साक्ष फारशी विश्वासार्ह नसते. रविवर्म्याचा छापखाना मुंबईस 1894 साली निघाला आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर गेल्या. पुढे शिकलेल्या पिढीस त्या भडक वाटू लागून त्या माळ्यावर गेल्या. आज त्याच जुन्या छापील तसबिरी संग्राहक शोधून शोधून विकत घेतात. माळ्यावर टाकणारे आणि शोधणारे दोघेही आपल्या रुचीविषयी सारखेच निःशंक!

व्हिएन्नाचा वास्तुकार अडोल्फ लूस याने 1900 साली एका श्रीमंत माणसाची कथा लिहिली. या माणसाने आपले घर एका कलावंताकडून शेवटच्या तपशिलापर्यंत सजवून घेतले. वाढदिवसास बायकामुलांनी प्रेमाने भेटी दिल्या, तर त्यांस ठेवावयास जागा नाही. कलावंत उलट रागावला की, मला न विचारता भेट स्वीकारलीच कशी? लूस स्वतः अलंकरणाचा कट्टर वैरी. तरीही, ज्या घरात भेट ठेवता येत नाही ते राहण्याजोगे नव्हे, हे त्याला दिसत होते.

दुसऱ्या टोकाचीही माणसे आहेत. “तुला आवडेल तसे कर” म्हणून ती कायमची बाजूला होतात. यास लोक समजूतदारपणा म्हणतात. आम्हांस त्यात थोडी कृपणता दिसते. जो आपली आवड कधी बोलूनच दाखवीत नाही, तो जोडीदारास सत्ता देतो, सोबत देत नाही. आणि मनात ठेवलेला हिशेब पुढे दुसऱ्याच एखाद्या निमित्ताने वसूल करतो.

असो. मोराचे पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले. पुष्कळ दिवसांनी बाईंनी सहज बोलताना कबूल केले की, मोराची मान त्यांसही विद्रूप वाटते. निळा रेशीमधागा मध्येच संपला, आणि आईने उरलेली मान हिरव्याने भरली. गृहस्थ थक्क झाले. इतके दिवस ते रंगसंगतीवर बोलत होते आणि बाई आईविषयी. उत्तर द्यावे तरी कोणी कोणाला? त्यांनी स्वतः खिळा ठोकून तो मोर आपल्या लिहिण्याच्या मेजासमोर लावला. इतर भिंती पांढऱ्या राहिल्या. गेल्या दिवाळीत आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा गृहस्थ काच पुसत होते, आणि निळा धागा नेमका कोठे संपला ते बोट ठेवून आम्हांस दाखवीत होते.