हाताला ठेवलेली जागा

विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हला हाताने फिरवायची सोय कशाला, हे बदलापूर गावात राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. उल्हास नदीवरच्या बॅरेजमधून उचललेलं पाणी खरवईच्या जलशुद्धीकरण केंद्रातून टाक्यांत चढतं. वीज गेली की पंप थांबतात, वाहिन्या रिकाम्या होतात, त्यांत हवा शिरते; मग वीज परत आली तरी नळाला लगेच पाणी येत नाही. आणि गल्लीत पाणी सोडायला येतो तो माणूसच. चेंबरचं झाकण उचलायचं, लांब दांड्याची चावी आत घालायची आणि आटे मोजत वाकून फिरवायची.

माझी नोकरी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत, रसायनांच्या एका कारखान्यात झाली. तिथे मोठ्या लाइनवर मोटरचे व्हॉल्व्ह होते. प्रत्येकाला एक चाक आणि चाकाशेजारी छोटा लिव्हर. एरवी चाकाचा आतल्या गिअरशी संबंध नसतो. वीज गेली की लिव्हर दाबून धरायचा आणि चाक हळूहळू फिरवायचं. आत क्लच बसला की ते तळहाताला कळतं. मग लिव्हर सोडला तरी चाक पकडून राहतं. वीज येऊन मोटर सुरू झाली की क्लच आपोआप सुटतो, चाक पुन्हा मोकळं होतं. त्यामुळे चाकावर कुणाचा हात असला तरी मोटर त्याचं मनगट पिरगाळत नाही. ज्याने हे आखलं त्याने यंत्राइतकाच त्या हाताचाही विचार केला होता, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माझ्या भाच्याच्या घरात याच जातीचा, पण मुठीएवढा व्हॉल्व्ह आहे. तिकडे बॉयलरचं गरम पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरांत खेळवतात आणि त्या वाटेवर हा पितळी व्हॉल्व्ह बसवतात. वर पत्र्याची डबी. तिच्यात काही वॉटची बारीक मोटर, गिअर आणि स्प्रिंग. थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की मोटर स्प्रिंगच्या विरुद्ध जोर लावून वाट उघडते आणि तशीच धरून ठेवते. वीज तोडली की स्प्रिंग वाट बंद करते. डबीच्या बाजूला फटीतून एक लिव्हर बाहेर आलेला असतो. नव्या नळ्यांत पाणी भरताना, हवा काढताना किंवा पाणी उपसताना तो सरकवून खाचेत अडकवायचा. मोटर पुढे चालली की तो खाचेतून आपसूक सुटतो.

ऐन थंडीत त्याचा व्हिडिओ कॉल आला. ‘मामा, रेडिएटर गार पडलेत.’ मी म्हटलं, थर्मोस्टॅट वाढव आणि लिव्हर बोटाने सरकवून बघ. मोटरने व्हॉल्व्ह उघडला असेल तर लिव्हर सैल लागतो. बंद असेल तर स्प्रिंगचा जोर बोटाला जाणवतो. त्याला जोर लागत होता. म्हणजे मागणी पोचूनही मोटर हलत नव्हती, किंवा तिच्यापर्यंत वीजच येत नव्हती. त्याने लिव्हर खाचेत अडकवला. वाट उघडली, तरी बॉयलर पेटला नाही.

या गोष्टीवर मी पुष्कळ विचार केला आहे. त्या डबीत एक छोटा स्विच असतो. मोटरने व्हॉल्व्ह पुरता उघडला की तो दाबला जातो आणि बॉयलरला इशारा जातो. खाचेत अडकवलेला लिव्हर सहसा तिथपर्यंत पोचतच नाही. पाण्याला वाट मिळते, बॉयलरला खबर लागत नाही. भाच्याकडे न्हाणीच्या गरम पाण्याला दुसरा व्हॉल्व्ह होता. तो चालू करायला सांगितलं, त्याच्या इशाऱ्यावर बॉयलर पेटला आणि अडकवलेल्या वाटेने रेडिएटरही तापले. रात्र निभावली, वरची डबी नंतर मेकॅनिकने बदलली.

कारखान्यात म्हणूनच रीत होती: हाताने हलवलेल्या व्हॉल्व्हला टॅग बांधायचा, वेळ लॉगबुकात लिहायची आणि पाळी बदलताना पुढच्या माणसाला तोंडी सांगायचं. नवे लोक कंटाळायचे. पण हाताने केलेलं काम यंत्राला सांगणारं दुसरं कोण आहे? आपत्ती बहुधा उघड्या व्हॉल्व्हने येत नाही. तो उघडा आहे हे पुढच्या पाळीला ठाऊक नसतं, तिथून ती येते.

बदलापूरजवळच्या बारवी धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी ७२.६० मीटरची पातळी गाठतं तेव्हा ते उघडू लागतात. मोठ्या धरणाला ते शोभतं. गावातल्या गल्ल्यांचं तसं नाही. उंचावरच्या आळीला पाणी चढावं म्हणून खालच्या आळीचा व्हॉल्व्ह किती आटे मिटायचा, कुठला स्पिंडल कडक झालाय, कुठला उलटा फिरतो, हे पाणी सोडणाऱ्याच्या डोक्यात असतं. पुढेमागे इथेही मोटरचे व्हॉल्व्ह बसतील, बसावेतच. पण ते आटे त्याच्याकडून वहीत उतरवून घेतले पाहिजेत, तो निवृत्त व्हायच्या आत. चेंबर नेमके कुठे आहेत तेसुद्धा. कारण रस्ता काँक्रीटचा झाला की कधी कधी झाकणंही त्याखाली जातात, आणि वीज गेलेल्या दिवशी चावी हातात असून ती घालायची कुठे, हेच कळत नाही.