साडीतली मरियामाता



नाशिक रोडच्या आपल्या बाळ येशूचे मूळ रूप प्रागचे. माथ्यावर युरोपी राजमुकुट आहे, तरी तो आपल्याला कधी परका वाटला नाही. मग साडीतली मरियामाता का खटकावी?

गोव्याचे चित्रकार आंजेलो दा फोन्सेका (१९०२-१९६७) तिला अशीच रंगवीत. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात त्यांच्यावर टीका झाली, आणि ती करणाऱ्यांत आपलेच ख्रिस्ती बांधव होते! ते पुण्याच्या आश्रमात येऊन चित्रे काढीत राहिले. १९६१ साली पोर्तुगीज गेले. पवित्र ते गोरेच, ही समजूत मात्र आपल्या मनात राहिली. जखम आहे ती ही.

बाळ येशूचा मुकुट उतरवा, असे आम्ही म्हणत नाही. पण आपल्या आज्या नऊवारी नेसून मिस्सेला येत. त्या वेशातली माता वेदीजवळ दिसली, तर आपण नजर का चोरावी?