निवासी डॉक्टरची बदली

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकाला बदली मागता येते. त्यासाठी २७ फेब्रुवारी २०१७ ला शासन निर्णय निघाला, नंतर त्यात सुधारणा झाल्या, ऑनलाइन अर्ज आहेत, संवर्ग आहेत. गंभीर आजारी, दिव्यांग, विधवा, परित्यक्ता शिक्षक विशेष संवर्ग एकमध्ये. नवरा एका शाळेत, बायको दुसऱ्या शाळेत आणि मध्ये तीस किलोमीटरहून जास्त अंतर असेल तर संवर्ग दोनमध्ये. ही व्यवस्था काही सोवळी नाही. खोट्या प्रमाणपत्रांच्या तक्रारी होतात, माणसं कोर्टात जातात. तरीही नोकरी करणाऱ्याला घर असतं आणि त्या घरात आजारपणं येतात, एवढं सरकारने कागदावर मान्य केलेलं आहे.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एमडी-एमएस करणाऱ्या निवासी डॉक्टरसाठी असा कागदच नाही. उलट पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाची २००० सालची नियमावली घ्या किंवा राष्ट्रीय वैद्यक आयोगाची २०२३ ची, दोन्ही एकच सांगतात: पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका संस्थेतून दुसरीत जाता येणार नाही, कोणत्याही कारणाने नाही. ज्या युनिटमध्ये तो राबतो, त्याच युनिटच्या प्राध्यापकाची बदली एका आदेशावर लातूरहून चंद्रपूरला होते. आयोगाची तपासणी आली की अध्यापकांना तेवढ्यापुरतं दुसऱ्या कॉलेजात धाडल्याच्या बातम्याही आपण वाचतो. राज्यातली ही सगळी कॉलेजं नाशिकच्या एकाच आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात. अभ्यासक्रम एक, परीक्षा एक, विद्यावेतन देणारी तिजोरी एक. हलायचं नाही ते फक्त जेआरने, म्हणजे ज्युनिअर रेसिडेंटने.

आता नियमाच्या बाजूनेही बोललं पाहिजे, कारण तो उगाच आलेला नाही. एमबीबीएसला एकेकाळी स्थलांतराची मुभा होती. १९९७ च्या नियमावलीत ती पाच टक्क्यांच्या मर्यादेत होती, आणि त्या पाच टक्क्यांत कोणाची वर्णी कशी लागत असे हे मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवलेल्या पालकांना विचारावं. २०२३ मध्ये तीही वाट बंद झाली. पदव्युत्तरचा प्रश्न तर आणखी नाजूक. नीट-पीजीचा निकाल लागला की चॉइस फिलिंगच्या त्या दिवसांत घराघरांत एकच खल चालतो: ब्रँच धरायची की कॉलेज, की घर? जवळच्या कॉलेजात पॅथॉलॉजी मिळतेय, लांब मेडिसिन मिळतेय. कोणीतरी घराजवळ राहायचं म्हणून मेडिसिन सोडतं. दुसरा लांब जाऊन मेडिसिन घेतो आणि सहा महिन्यांनी आईच्या आजारपणाचा दाखला जोडून तेच मेडिसिन मुंबईत मागतो. पहिल्याने किंमत मोजलीच की नाही?

शिवाय जाणाऱ्याच्या मागे रोस्टर उरतं. पहिल्या वर्षाचे तीन जेआर असलेल्या युनिटमधून एक गेला की उरलेल्या दोघांच्या इमर्जन्सी वाढतात, आणि त्या दोघांनाही आईवडील असतातच. थीसिसचा विषय, गाइड, एथिक्स समितीची मंजुरी, सगळं त्या संस्थेला बांधलेलं. जागासुद्धा तिथल्या खाटांच्या आणि अध्यापकांच्या हिशेबाने मंजूर झालेली. हे आक्षेप खरे आहेत.

पण या आक्षेपांमधून नियमन करावं असं निघतं, बंदी घालावी असं निघत नाही. ब्रिटनमध्ये प्रशिक्षणार्थी डॉक्टरला एका विभागातून दुसऱ्या विभागात जाण्यासाठी राष्ट्रीय पातळीवर प्रक्रिया आहे. स्वतःचं अपंगत्व, कोणाच्या तरी शुश्रूषेची मुख्य जबाबदारी, अपत्याची जबाबदारी असे निकष ठरलेले आहेत. परिस्थिती प्रवेश घेतल्यानंतर बदललेली असली पाहिजे, आणि तिकडे जागा रिकामी असली तरच हलता येतं. अमेरिकेत असं केंद्रीय खातं नाही, पण एका कार्यक्रमातून दुसऱ्यात जाता येतं. आधीच्या संस्थेकडून कामाचं लेखी मूल्यमापन न्यावं लागतं. या दोन्ही देशांत गुणवत्ता बुडाल्याचं काही ऐकिवात नाही.

आपल्याकडे अशी वाट नसली की काय होतं, ते सांगायला मोरिवलीतली एक मुलगी माहितीतली आहे. मोरिवली म्हणजे अंबरनाथच्या कडेचं गाव. एमआयडीसीचे रासायनिक कारखाने एका अंगाला, नव्या सोसायट्या दुसऱ्या अंगाला.  वडील अशाच एका कारखान्यातून निवृत्त झालेले. मुलगी मराठवाड्यातल्या एका सरकारी कॉलेजात मेडिसिन करते. तिने लांबची जागा घेतली तेव्हा वडील धडधाकट होते. तिचं पहिलं वर्ष संपता संपता त्यांची किडनी गेली. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. महात्मा फुले योजनेत पैशाचं भागतं. ने-आण करायला मुलगा आहे, बदलापूरला राहतो.

रिपोर्ट मात्र तिच्याकडे जातात. आई मोबाइलवर फोटो काढून पाठवते, निम्मा फोटो हललेला, कागदाला घडी पडलेली. ती वॉर्डात दोन राऊंडांच्या मध्ये दोन बोटांनी तो मोठा करून पोटॅशियमचा आकडा शोधते. पाच पूर्णांक आठ की सहा पूर्णांक आठ, तेवढं कळत नाही. 'आई, पुन्हा काढ, उजेडात काढ.' आई उजेडात जाते, म्हणजे गॅलरीत, आणि परत हलवते. मग भावाला फोन. एवढ्यात सिस्टर हाक मारते.

शेजारीपाजारी विचारतात, मुलगी डॉक्टर असून बापाजवळ नाही? बदलापूरच्या मुलाला कोणी हे विचारत नाही. तो शनिवारी येऊन गेला तरी गुणी ठरतो. 'घराजवळ यायचं का' हा प्रश्न आपल्याकडे दोन निरनिराळ्या वजनांनी विचारला जातो, आणि जड वजन बहुतेकदा मुलीच्या पारड्यात पडतं. घराजवळच्या बदलीची बाजू घेताना हेही बोललं पाहिजे, नाहीतर आपण एका सोयीच्या नावाखाली मुलींना परत चुलीजवळ बोलावत असू. शुश्रूषेसाठी बदली मिळत असेल तर ती मुलाने मागितली तरी कोणाच्या भुवया उंचावता कामा नयेत.

मोरिवलीच्या त्या मुलीपुढे कायद्याने एकच वाट आहे: राजीनामा. जागा सोडायची, दंड भरायचा, पुन्हा नीट-पीजीला बसायचं आणि घराजवळ नंबर लागेल अशी आशा धरायची. जागा सोडल्याबद्दल जबर रकमा घेणं थांबवा, असं आयोगानेच २०२४ च्या सुरुवातीला राज्यांना सुचवलं होतं, कारण त्यांचा मुलांच्या मनावर होणारा परिणाम दिसत होता. पण दंड माफ झाला तरी गेलेलं वर्ष परत मिळत नाही. तिने राजीनामा दिला नाही. मला तिचा निर्णय बरोबर वाटतो, आणि त्याचं कारण घराजवळच्या रुग्णालयांकडे पाहिलं की कळतं.

समजा तिला कळव्याला किंवा सायनला जागा मिळाली असती. अंबरनाथहून सीएसएमटी साधारण साठ किलोमीटर, सायन-कळवा त्याहून अलीकडे. लोकलने तास-सव्वा तास, गर्दीचं काय ते सोडून द्या. तरी ती घरी किती वेळा पोचली असती? केंद्र सरकारचं १९९२ चं परिपत्रक म्हणतं की निवासी डॉक्टरने साधारणपणे आठवड्याला ४८ तास काम करावं, सलग बाराहून अधिक नको. आयोगाच्या मानसिक आरोग्यविषयक कृती दलाचा २०२४ चा अहवाल म्हणतो की पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे ४५ टक्के जण ६० तासांहून जास्त राबतात आणि निम्म्याहून अधिक जणांना आठवड्याची सुट्टी मिळत नाही. त्याच दलाने कमाल ७४ तासांची शिफारस केली. चौऱ्याहत्तर तासांकडे सुधारणा म्हणून पाहावं लागतं, यातच काय ते आलं. अशा वेळापत्रकात सायनच्या हॉस्टेलवरून मोरिवली नांदेडइतकीच लांब पडते. मुंबईत शिकणारे इथले किती तरी जेआर महिना-महिना कल्याणच्या पुढे सरकत नाहीत.

रुग्णालयांची गर्दीही सारखीच. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. दीड-दोन महिन्यांनी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात तेवढ्याच अवधीत २४. दोन्हीकडे आजूबाजूच्या तालुक्यांतून शेवटच्या घटकेला पाठवलेले रुग्ण होते, दोन्हीकडे वॉर्ड ओसंडत होते. घराजवळ आलेला निवासी डॉक्टर त्याच गर्दीत परत शिरतो, फक्त भाषा आणि स्टेशनांची नावं ओळखीची असतात.

म्हणून माझ्या मते रोजच्या सहवासासाठी बदली मागणं व्यर्थ आहे. तो सहवास कामाचे तास कमी झाल्याशिवाय कुठेच मिळणार नाही. अडीअडचणीची जवळीक मात्र वेगळी. वडिलांचा डायलिसिसचा फिस्च्युला बंद पडला, रात्री दम लागला, तर सायनहून तास-सव्वा तासात पोचता येतं. मराठवाड्यातून कल्याणला यायचं तर देवगिरी किंवा नंदिग्राम एक्स्प्रेसची अख्खी रात्र. असा प्रसंग तीन वर्षांत दोन-चारदाच येईल, पण त्याच दोन-चार रात्रींसाठी माणूस बदली मागत असतो.

या दुसऱ्या गरजेसाठी अरुंद का होईना, दार उघडता येईल. शिक्षकांमध्ये आपसी बदली आहे. निवासी डॉक्टरांतही ती का नसावी? मुंबईत मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाला नांदेडचा मुलगा असेलच, ज्याची आई तिकडे एकटी आहे. दोघांचं वर्ष एक, ब्रँच एक, विद्यापीठ एक. दोन्ही रोस्टरं भरलेलीच राहतात. थीसिसची अडचण उरते, तिच्यासाठी एक ठरावीक मुदत घालता येईल. निर्णय विद्यापीठाच्या समितीने घ्यावा आणि यादी जाहीर लावावी. मंत्र्याच्या शिफारशीला तिथे जागाच ठेवू नये. गुणवत्तेत मागे असलेल्याला मुंबई मिळाली हा आक्षेप राहीलच. पण मुंबईत शिकणारा मुलगा स्वखुशीने नांदेडला जातोय, त्याची जागा कोणी हिसकावलेली नाही.

अंबरनाथमध्ये आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यातल्या दहा नव्या महाविद्यालयांचं एकदम उद्घाटन झालं, त्यातलं हे एक, शंभर एमबीबीएस जागांचं. उद्या तिथे पदव्युत्तर जागा आल्या तर त्या अंबरनाथकरांसाठी राखता येणार नाहीत. २९ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर प्रवेशातलं रहिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवलं आहे. तत्त्व म्हणून ते मला पटतं. परिणाम असा होईल की मोरिवलीची मुलगी मराठवाड्यात आणि मराठवाड्याचा मुलगा अंबरनाथला. डॉक्टर आपल्या मुलखात टिकावा म्हणून त्या मुलखातला विद्यार्थी घ्या आणि त्याला तिथेच शिकवा, असं जागतिक आरोग्य संघटना ग्रामीण भागांसाठी सांगत आली आहे. हा सल्ला प्रवेशाच्या दाराशी पाळता येत नसेल, तर प्रवेशानंतर तरी पाळायला काय हरकत आहे?

नियम बदलायला वेळ लागेल. पण एक गोष्ट आजच्या नियमांतच आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याने तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करायचं, असा जिल्हा निवासी कार्यक्रम आयोगाच्या आधीच्या वैद्यक परिषदेच्या नियामक मंडळाने २०२० मध्ये आणला. म्हणजे विद्यार्थी दुसऱ्या संस्थेत शिकू शकतो, त्याने थीसिस बुडत नाही आणि गुणवत्ताही भ्रष्ट होत नाही, हे नियामकांना तेव्हाच मान्य होतं. या पोस्टिंगचा समन्वय राज्य सरकारकडे असतो. घरात डायलिसिस, कर्करोग, पक्षाघात असेल त्या निवासी डॉक्टरला ते तीन महिने आपल्या जिल्ह्यात द्यायचे, एवढा एक रकाना त्या अर्जात वाढवता येईल. शिक्षकांच्या पोर्टलवर आजारपणाचा रकाना कधीचा आहे.